प्रभाकर बरवे : स्थिर वस्तूंचें नर्तन

विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडांत वज्र राजा मार्कंडेय ऋषींपाशीं मूर्ति घडविण्याची विद्या मागतो. ऋषि सांगतात कीं, त्यासाठीं आधीं चित्रसूत्र आलें पाहिजे. चित्रसूत्र कळण्यास नृत्य कळलें पाहिजे, नृत्यास वाद्य आणि वाद्यास गीत. राजा बिचारा मूर्ति मागावयास आला आणि त्याला गाण्यापासून आरंभ करावा लागला! या संवादाचा आपल्याकडील कलाविषयक लेखनांत इतका उपयोग झाला आहे कीं, त्याची धार बोथट होऊन गेली आहे. चित्रांतील आकृतींचे हातपाय नर्तकीसारखे वळविले कीं नृत्य साधलें आणि एका कोपऱ्यांत कमळ किंवा चक्र काढलें कीं साधनाहि झाली, अशी समजूत प्रदर्शनांतून सर्रास आढळते. म्हणूनच, ज्याच्या चित्रांत माणसांपेक्षां वस्तूंचीच वस्ती अधिक, अशा एका चित्रकारास हा जुना न्याय लावून पाहावा, असें आमच्या मनांत आलें.

प्रभाकर बरवे यांचा जन्म १९३६ सालीं अलिबागेजवळील नागांव येथें झाला. हा जिल्हा तेव्हां कुलाबा म्हणून ओळखला जाई. रायगड हें नांव त्याला १९८१ सालीं मिळालें. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर हे याच तालुक्यांतील सासवण्याचे. नारळीपोफळीच्या वाड्यांच्या या चिंचोळ्या पट्टीनें एक पुतळे घडविणारा आणि एक वस्तूंचें वजनच काढून घेणारा असे दोन कलावंत दिले, ही मौजेची गोष्ट आहे. बरवे १९५९ सालीं मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंतून बाहेर पडले, पुढें विणकर सेवा केंद्राच्या नोकरींत शिरले आणि १९६१ च्या सुमारास बनारसला गेले. तेथें काढलेल्या चारएक वर्षांत त्यांना तंत्रमार्गाची ओळख झाली.

या काळांतील व त्या पाठोपाठची त्यांचीं चित्रें पुष्कळांस प्रिय आहेत. त्रिकोण, वर्तुळें, यंत्रांसारख्या रचना आणि गडद रंग यांचा त्यांवर मोठा पगडा आहे. १९६६ सालीं अजित मुखर्जी यांचा तंत्रकलेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि मग या चिन्हांस देशांत व परदेशांत बाजारच मिळाला. बरवे त्या बाजाराच्या आधीं काशीस पोंचले होते, हें त्यांच्या प्रामाणिकपणाच्या बाजूचें आहे. तरीहि आमचें मत स्पष्ट सांगावयाचें तर, या चित्रांत साधना कमी आणि साधनेचीं उपकरणें अधिक आहेत. देव्हारा मांडला, पण पूजा अजून व्हावयाची आहे, असें वाटतें.

ती पूजा पुढें झाली, आणि तीहि देव्हारा उचलून ठेवल्यावर. सत्तरीच्या दशकापासून त्यांच्या फलकावर घड्याळ, पान, फळ, ढग, शिंपला, अक्षर अशा साध्या वस्तु येऊं लागतात. या वस्तूंस जमीन नाहीं. त्यांची सांवलीहि कित्येकदां त्यांची नसते. त्यांनीं वापरलेला रंगहि बहुधा एनॅमल, म्हणजे दारेंखिडक्या रंगविण्याचा. त्याचा सपाट, तुळतुळीत थर चित्रकाराच्या हाताचा आवेश दाखवीत नाहीं. वस्तु मात्र स्वच्छ, कांठांकांठानें स्पष्ट उभी राहते.

येथें नृत्य कोठें आहे? तबल्याचे बोल कागदावर उतरवितांना जेथें ध्वनि नाहीं तेथें अवग्रह काढतात. तो वाजत नाहीं, पण मोजावा लागतो. तो चुकला तर नर्तकीचें पाऊल समेवर येत नाहीं. बरव्यांच्या चित्रांतील दोन वस्तूंमधली मोकळी जागा ही अशी मोजलेली जागा आहे. एखादें पान बोटभर जरी सरकविलें तरी सगळी लय मोडेल, हें पाहणाऱ्यास तत्काळ जाणवतें. ही तालीम त्यांस मागाजवळ मिळाली असावी, असा आमचा तर्क आहे. वस्त्रावरील आकृति पुनःपुन्हां येते. दोन आकृतींमधलें अंतर चुकलें तर सारा कपडा डोळ्यांत खुपतो. विणकर केंद्रांतील नोकरी ही पोटासाठीं आणि चित्रकला आत्म्यासाठीं, अशी वांटणी करणाऱ्यांनीं याचा विचार करावा.

आणि साधना? यंत्राची उपासना करणारा बाहेरच्या भूपुरापासून एकेक आवरण ओलांडीत बिंदूकडे जातो, किंवा बिंदूपासून बाहेर येतो. रेषा स्थिर असतात; प्रवास उपासकाचा. बरव्यांनीं यंत्राचीं चिन्हें टाकलीं, पण हा प्रवास ठेवला. त्यांच्या चित्रापुढें आपली दृष्टि पानावरून घड्याळाकडे, घड्याळावरून रिकाम्या जागेंत आणि तेथून पुन्हां पानाकडे जाते, तेव्हां तें पान पहिलें राहिलेलें नसतें. नर्तन चाललें आहे तें पाहणाऱ्याच्या डोळ्यांचें. मार्कंडेयांनीं राजास जो क्रम सांगितला, त्याचा हा अर्थ त्यांस मान्य झाला असता किंवा नाहीं, हें पंडितांनीं ठरवावें.

याच कलाशाळेंत पूर्वी उदयशंकर शिकले होते. ते पुढें लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्यें गेले, ॲना पाव्हलोव्हाबरोबर रंगभूमीवर आले आणि कुंचला ठेवून त्यांनीं स्वतःचें शरीरच चित्र केलें. १९४८ च्या ‘कल्पना’ या त्यांच्या चित्रपटांतील एकेक दृश्य चौकटींत बसविलेलें दिसतें, तें यामुळेंच. परंतु तेथें चित्र नृत्याच्या सेवेस आहे. बरव्यांचा मार्ग उलटा व अधिक अवघड; त्यांनीं गति निःशेष थांबविली आणि तिचें गणित तेवढें राखलें.

बरव्यांचें ‘कोरा कॅनव्हास’ हें पुस्तक १९९० सालीं निघालें. चित्रकारानें आपल्या पाहण्याविषयीं मराठींत इतक्या निगर्वीपणें लिहिलेलें दुसरें पुस्तक आम्हांस चटकन् आठवत नाहीं. त्याचा एक तोटा मात्र झाला. वाचक तें पुस्तक किल्लीसारखें हातीं धरून चित्रांपुढें उभे राहतात आणि प्रत्येक घड्याळाचा अर्थ काळ, प्रत्येक ढगाचा अर्थ मन, असा कोश करूं लागतात. हा दोष सर्वस्वीं वाचकांचा नाहीं. कांहीं चित्रांत, विशेषतः जेथें अक्षरें व आकृति एकमेकांशीं कोडें घालतात तेथें, चित्रकार स्वतःच अर्थाची खुंटी पुढें करतो. तेवढ्यापुरती लय अडखळते आणि आपण पाहणें सोडून उकलूं लागतों.

बरवे १९९५ सालीं निवर्तले. २०१९ सालीं मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयांत ‘रिकाम्या पेटीच्या आंत’ अशा अर्थाच्या नांवानें त्यांच्या कार्याचें मोठें प्रदर्शन भरलें. उद्घाटनसमयीं एका वक्त्याच्या भाषणांत अडथळा आणला गेला आणि वृत्तपत्रांनीं चित्रें सोडून त्याचीच चर्चा केली. त्या प्रदर्शनांत त्यांच्या रोजनिशाहि मांडल्या होत्या. लहान लहान आकृति, त्यांच्या भोंवतीं टिपणें, आणि तीच वस्तु दुसऱ्या जागीं पुन्हां काढून पाहिलेली. आम्ही मोठ्या चित्रांपेक्षां त्या वह्यांपाशींच अधिक वेळ उभे होतों.