अल्थियाला न विचारता

ब्रूस शोनफेल्ड यांच्या ‘द मॅच’ (2004) या पुस्तकाचे उपशीर्षक दोन ‘बाहेरच्या’ खेळाडूंच्या मैत्रीविषयी आहे: एक कृष्णवर्णीय, दुसरी ज्यू. अल्थिया गिब्सन आणि अँजेला बक्स्टन. 1956 साली या जोडीने फ्रेंच आणि विम्बल्डन, दोन्हीकडे दुहेरीचे विजेतेपद मिळवले. ओळख मात्र झाली भारतात. 1955च्या अखेरीस अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने अल्थियाला आशियाच्या सद्भावना दौऱ्यावर पाठवले होते. त्याच वर्षी मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला होता. जगापुढे मिरवायला सरकारला असा एक चेहरा हवाच होता.

उपशीर्षकातली ती बरोबरी मला खटकते. ज्यू म्हणून अँजेलाला क्लबांत डावलले गेले हे खरे. पण तिच्या वडिलांची चित्रपटगृहे होती. अल्थियाचे आईवडील दक्षिण कॅरोलिनात दुसऱ्याच्या जमिनीवर कापूस पिकवत. ती हार्लेममध्ये वाढली आणि 1950पर्यंत अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत तिला प्रवेश नव्हता. शिवाय आपल्या वंशाचा झेंडा खांद्यावर घ्यायची तिला हौस नव्हती, हे तिने 1958च्या आत्मचरित्रात स्पष्ट लिहिले आहे. तिला ‘कोणीतरी’ व्हायचे होते. पुस्तकाचे नावच तसे आहे.

मग ती झालीही. 1957 आणि 1958, दोन्ही वर्षी विम्बल्डन आणि अमेरिकेची एकेरी तिने जिंकली. तेव्हा टेनिस हौशी खेळाडूंचे होते, म्हणजे बक्षिसाचा पैसा नाही. (राणीच्या हातून करंडक मिळतो, घरभाडे मिळत नाही.)

या मैत्रीची खरी कसोटी मला 1956मध्ये नव्हे, 1995मध्ये दिसते. आजारी, कफल्लक अल्थियाने अँजेलाला फोन केला: औषधाला पैसे नाहीत, जीव द्यावासा वाटतो. अँजेलाने स्वतः मदत केलीच. पुढे अल्थियाला न विचारता टेनिसच्या एका नियतकालिकात तिच्या अवस्थेविषयी पत्र छापून आणले. जगभरातून जवळजवळ दहा लाख डॉलर जमले.

आपल्याकडे गुप्तदान थोर मानतात. इथे देणारे लपले नाहीत. उघडे पडले ते घेणारीचे दैन्य. तरी मी अँजेलाला दोष देणार नाही. विचारले असते तर त्या मानी बाईने ‘नको’च म्हटले असते, आणि भाडे थकलेलेच राहिले असते. माझा आक्षेप ही गोष्ट सांगण्याच्या रीतीवर आहे. मैत्रीची आठवण जेव्हा देणाऱ्याच्या तोंडून येते, तेव्हा विजेती हळूहळू उपकृत होत जाते. तिचा तो जबरदस्त सर्व्ह मागे पडतो, फोनवरचे रडणे पुढे येते. अँजेला 2020पर्यंत जगली, आठवणी सांगत राहिली. अल्थिया 2003मध्ये गेली. तिची दोन्ही आत्मचरित्रे 1958 आणि 1968ची, पत्र 1996चे.