रिकाम्या पानांवरचा लांडगा : ‘न्यू मून’ आणि उत्तरकथेची गरज

मालिका-कादंबरीचा दुसरा खंड रूपबंधाच्या दृष्टीने नेहमीच अडचणीचा असतो. पहिल्या खंडाने जागवलेल्या अपेक्षा त्याने पुऱ्या करायच्या असतात. पण त्या पूर्णतः पुऱ्या झाल्या तर पुढील खंडांना प्रयोजनच उरत नाही. स्टेफनी मेयर यांच्या ‘ट्वायलाइट’ (२००५) या कादंबरीची उत्तरकथा ‘न्यू मून’ (२००६) ही अडचण कशी सोडवते, हे तपासण्याजोगे आहे. रचनेची ही गरज येथे वास्तवातील एका आदिवासी समाजाच्या नावावर भागवली गेली आहे.

व्हँपायर आणि वृकमानव यांचे वैर हे या प्रकारच्या नागर अद्भुतिकेचे आज गृहीतच मानले जाते. मात्र ते फार प्राचीन नव्हे. ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’त (१८९७) लांडगे काउंटच्या आज्ञेत वागतात, तो स्वतःही श्वापदरूप धारण करू शकतो. रक्तपिपासा आणि पशुत्व तेथे एकाच देहात नांदतात. पुढे लोकप्रिय संस्कृतीने या दोन शक्ती अलग केल्या आणि त्यांच्यात जातिभेद कल्पिला. ‘न्यू मून’मध्ये या भेदाला वंशाचा व वर्गाचा आशय प्राप्त होतो. कलन कुटुंब गोरे, धनवान, सुशिक्षित व संयमी आहे. वृकमानव हे वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावरील ला पुश येथील क्विल्यूट जमातीचे तरुण आहेत.

कथानकाचा सांधा पाहावा. बेलाच्या अठराव्या वाढदिवशी कागदाने बोट कापते, रक्ताचा थेंब दिसतो आणि त्या प्रसंगाची परिणती एडवर्डच्या निघून जाण्यात होते. त्यानंतर ऑक्टोबर ते जानेवारी या चार महिन्यांची केवळ नावे छापलेली, एरवी कोरी पाने येतात. नायिकेच्या शून्यावस्थेचे हे मुद्रित चिन्ह परिणामकारक आहे. परंतु शून्यावर कादंबरी उभी राहत नाही. ही पोकळी भरण्यासाठी जेकब ब्लॅकला पुढे आणले जाते. तो बेलासाठी मोडक्या मोटारसायकली दुरुस्त करतो आणि त्या निमित्ताने तिचे मनही सावरतो. त्याचे कार्य दुरुस्तीचे आहे. दुरुस्ती पुरी झाली की त्याची गरज संपते. बेला एडवर्डला वाचवण्यासाठी इटलीतील व्होल्तेराकडे निघते, तेव्हा जेकबची विनवणी मागे पडते.

त्झ्वेतान तोदोरोव यांनी १९७० मध्ये अद्भुताची व्याख्या करताना वाचकाच्या दोलायमान अवस्थेवर भर दिला होता. घटना नैसर्गिक की अतिनैसर्गिक, हा निर्णय जोवर लांबतो तोवरच अद्भुत टिकते. ‘ट्वायलाइट’मध्ये समुद्रकिनारी जेकब आपल्या जमातीची म्हणून जी कथा सांगतो, तिचे दोन अर्ध आहेत: ‘थंड लोकां’चे आणि लांडग्यांच्या वंशाचे. पहिले अर्ध त्याच खंडात सत्य ठरते. दुसरे लोककथा म्हणूनच राहते. उत्तरकथा हे राखून ठेवलेले भांडवल खर्चास काढते. अधिक सूचक गोष्ट अशी की, रूपांतर झाल्यावर जेकबला ते सांगण्याची मुभा नसते. टोळीप्रमुखाच्या आज्ञेने त्याची वाचा बांधलेली असते आणि ती कथा बेलालाच आठवावी लागते. ज्यांची म्हणून ही कथा सांगितली गेली, ते मुके होतात आणि तिचा अर्थ लावण्याचा अधिकार नायिकेकडे जातो.

देहांच्या वर्णनातही हीच श्रेणीव्यवस्था दिसते. व्हँपायर शीत, संगमरवरी, स्वतःवर काबू असलेले. वृकमानव उष्ण आणि क्रोधाच्या अधीन. सॅमच्या क्रोधाच्या एका क्षणी त्याची वाग्दत्त वधू एमिली हिचा चेहरा कायमचा विद्रूप झाला आहे. कादंबरी हा व्रण प्रेमाच्या उदात्ततेत विरघळवून टाकते. त्यामागील हिंसेला प्रश्न विचारत नाही. या वृकमानवांना रूपांतरासाठी चंद्राची गरज नाही, रागच पुरेसा आहे. मग शीर्षकातील अमावास्या कोणाची? ती बेलाच्या विरहाची आहे. वृकमानवाचे परंपरागत प्रतीकही अशा रीतीने नायिकेच्या मनोवस्थेकडे वळते.

जेकबच्या गॅरेजमधील प्रसंग हा या कादंबरीचा सर्वांत जिवंत भाग आहे, असा प्रतिवाद करता येईल आणि तो रास्त आहे. तेथे श्रम आहे, विनोद आहे, माणसांची ऊब आहे. पण म्हणूनच आक्षेप अधिक गंभीर होतो. संहितेला या जीवनाचे मोल जाणवते, तरी मालिकेची प्रणयसूत्री त्याला दुय्यम स्थानावर ठेवते. येथे लेखनातील जिवंतपणा एकीकडे आणि रचनेचा निर्णय दुसरीकडे जातो.

क्विल्यूट हे कल्पित नाव असते तर विवेचन येथे थांबले असते. पण ही जमात वास्तवात आहे. तिच्या परंपरेत क्वाती या परिवर्तकाने लांडग्यांपासून पहिली माणसे घडवली. लांडगा तेथे मूळपुरुष आहे, शाप किंवा संताप नव्हे. रक्तपिपासूंशी वैर ही कादंबरीची भर आहे. जमातीची राखीव भूमी सुमारे एक चौरस मैल होती आणि त्सुनामीचा धोका असलेल्या किनाऱ्यावर होती. उंचावर स्थलांतर करता यावे म्हणून २०१२ मध्ये अमेरिकी कायद्याने ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यानातील सुमारे ७८५ एकर जमीन तिच्याकडे सोपवली. कादंबरीत या लोकांचा ऐतिहासिक करार व्हँपायरांशी आहे आणि सीमारेषाही त्याचीच आहे. भूमी, शासन आणि समुद्र यांच्याशी चाललेला त्यांचा खरा व्यवहार तिच्या कक्षेतच येत नाही.

लोकप्रिय अद्भुतिकेकडून समाजशास्त्राची अपेक्षा करू नये, हे मान्य. मात्र जिवंत समाजाचे नाव घेतले की संहिता त्या समाजाच्या कथेशीही नाते जोडते. ‘न्यू मून’ने ते नाते कोऱ्या पानांनंतरची जागा भरण्यापुरतेच वापरले. ही उत्तरकथा वाचताना एडवर्ड परत येईल का, हा प्रश्न वाचकाला पुढे नेतो. जेकबची कथा सांगण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न मात्र समीक्षेलाच विचारावा लागतो.