रजनीचे डोळे आणि रजनीचे मूल

बंकिमचंद्र चट्टोपाध्याय १८८१ साली डेप्युटी मॅजिस्ट्रेट म्हणून आमच्या या हावड्यास आले, तेव्हा त्यांची 'रजनी' ही कादंबरी ग्रंथरूपाने प्रसिद्ध होऊन चार वर्षे लोटली होती. दिवसा कचेरी आणि रात्री लेखन असा संसार करणाऱ्या या अधिकाऱ्याविषयी परमुलखात नोकरी करणाऱ्या आमच्या वाचकांना आपुलकी वाटावी, हे स्वाभाविकच आहे. परंतु बंगाली वाचू लागलेल्या मराठी गृहस्थाच्या हाती बहुधा 'आनंदमठ' पडते आणि 'रजनी' मागे राहते. ती आम्ही अलीकडे पुन्हा वाचली, ती एक प्रश्न मनात धरून. आंधळ्या आईबापांनी मूल वाढविणे ही गोष्ट आपल्या अवतीभवती नित्य घडत असते. तिला आपल्या वाङ्मयात कितपत जागा मिळाली आहे?

रजनी ही जन्मांध, फुलांच्या माळा गुंफणारी मुलगी. लिटनच्या पॉम्पेईवरील कादंबरीतल्या निडिया या आंधळ्या फुलवालीवरून ही कल्पना सुचली, हे बंकिमबाबूंनी स्वतःच सांगून टाकले आहे. तथापि निडिया अखेर समुद्रात जीव देते, तर रजनीला बंकिमबाबू गंगेतून वाचवितात आणि संसारात आणून बसवितात. कथा एकाने न सांगता पात्रांनी पाळीपाळीने सांगावयाची, अशी रचना आहे. आणि आरंभ रजनीच्याच तोंडी आहे. हा आरंभ आमच्या मते बंकिमबाबूंच्या उत्तम लेखनात मोडतो. रूप म्हणजे काय हे जिला ठाऊक नाही, ती आवाजावरून माणूस जाणते, हाताने फूल ओळखते, आणि डोळे तपासण्यासाठी शचींद्राने हनुवटीला लावलेल्या बोटांनीच तिचे हृदय हरपते.

याच भागात एक लहानसा प्रसंग आहे. टीकाकार त्याच्याकडे विनोद म्हणून पाहतात आणि पुढे जातात. शेजारच्या घरचा वामाचरण नावाचा चार वर्षांचा मुलगा रजनीकडे येत असतो. रस्त्यावरून वरात जाताना तो ऐकतो आणि आपणही नवरा होणार म्हणून हट्ट धरतो. रजनी त्याला संदेश खाऊ घालते, तूच माझा नवरा असे सांगते, आणि नवऱ्याने काय करावयाचे असते असे त्याने विचारताच त्याला फुले हातात देण्याच्या कामाला लावते. रडे थांबते, माळही पुढे सरकते. आता वाचकांनी पाहावे की येथे काय घडले. एका आंधळ्या मुलीने एक चार वर्षांचे पोर सांभाळले. त्याला जवळ बसविले, त्याचा हात कोठे आहे हे त्याच्या हातातल्या फुलावरून जाणले, आणि त्याला बोलते ठेवून त्याच्यावर लक्ष ठेवले. बंकिमबाबूंनी हे सहज लिहिले आहे, आणि सहज लिहिले म्हणूनच ते खरे उतरले आहे.

एवढे ज्याला दिसले, त्याने शेवटी काय करावे? संन्याशाच्या औषधाने रजनीला दृष्टी येते, आणि अमरनाथ पुढे तिला भेटतो तेव्हा ती डोळस असून मुलाची आई झालेली असते. मुलाचे नाव अमरप्रसाद. डोळे आधी, मूल मागाहून! वाचकाला समाधान लाभावे म्हणून ही योजना असेल. पण जिच्या हातांवर, कानांवर आणि बुद्धीवर लेखकाने अर्धी कादंबरी विश्वास टाकला, तिच्या कुशीत मूल घालण्याची वेळ येताच त्याचा तो विश्वास डळमळला, असे आम्हाला म्हणावे लागते. वामाचरणाला सांभाळणारी रजनी अमरप्रसादाला सांभाळू शकली नसती काय?

रवींद्रनाथांच्या १८९८ सालच्या 'दृष्टिदान' कथेत हाच क्रम उलटा आहे. नायिकेला प्रथम मृत मूल होते, मग तिचे डोळे जातात. कथा पतिपत्नींच्या नात्याची आहे आणि त्या बाबतीत ती फार सूक्ष्म आहे. त्यामुळे रवींद्रनाथांना आम्ही दोष देत नाही. पण एकाने मुलाआधी डोळे दिले, दुसऱ्याने डोळ्यांआधी मूल नेले, आणि एकाच घरात आंधळी आई व वाढते मूल दोघांनाही दाखवावयाचे राहून गेले.

याचे मूळ फार मागे आहे. धृतराष्ट्राचे अंधत्व व्यासांपासून आजतागायत पुत्रमोहाचे रूपक होऊन बसले आहे. त्याचे मुलगे तर तुपाच्या घड्यांतच वाढले, तेव्हा तेथे संगोपनाचा प्रश्नच उरला नाही. इरावतीबाई कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये गांधारीला माणूस केले, हे उपकारच म्हणावयाचे. श्रावणबाळाची गोष्ट आपण घराघरांत सांगतो, ती मुलाने आईबापांना वाहिल्याची. आईबापांनी त्याला कसे वाढविले, याची चौकशी कोणी करीत नाही. वाल्मीकीला मात्र ती सुचली होती. त्याच्या काव्यात हा मुलगा निनावी आहे. पण त्याच्या प्रेताला हात लावून विलाप करणारा बाप विचारतो की, आता पहाटे गोड आवाजात अध्ययन करताना मी कोणाला ऐकू? ज्या बापाने मुलाला रोज कानांनी पाहिले, त्याचे हे दुःख आहे. आमच्याकडे विदर्भातले गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) तान्हेपणीच दृष्टी गेलेले, पण गृहस्थाश्रमी व पुत्रवान. त्यांना आपण प्रज्ञाचक्षू म्हणून ओळखतो, ज्ञानेश्वरकन्या म्हणूनही ओळखतो. पिता म्हणून त्यांची आठवण कोणी काढीत नाही!

प्रत्यक्ष आयुष्यात मात्र युक्त्या भरपूर आहेत. रांगत्या मुलाच्या पायांत घुंगराचा वाळा, हे आपल्या आज्यांचे शास्त्र आंधळ्या आईच्या फार उपयोगी पडते. भरविताना डाव्या हाताचे एक बोट मुलाच्या हनुवटीशी ठेवले की घास चुकत नाही. औषधाच्या पिचकारीच्या दांड्याला खाच पाडली की मात्रा बोटाला समजते. मुलाची गाडी पुढे ढकलण्याऐवजी मागून ओढावयाची, म्हणजे खड्डा प्रथम काठीला लागतो. अशा घरातले मूल मान हलवून उत्तर देत नाही, तोंडाने 'हो' म्हणावयास लवकर शिकते. हावड्याहून सुटणाऱ्या लोकलगाड्यांत गाणी म्हणत फिरणारे आंधळे गायक आणि त्यांचा हात धरलेली मुले आपण पाहतो, आणि मूल बापाला चालविते आहे असे समजतो. जरा वेळ लक्ष ठेवले तर दिसते की डब्याच्या उघड्या दारापासून मुलाला मागे ओढणारा हात बापाचा असतो.

आमचे वाचक कायद्यातले जाणकार आहेत, म्हणून एक गोष्ट जाता जाता. भारताने २००७ साली मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातील तेविसावे कलम सांगते की, मुलाच्या किंवा आईबापांच्याही अपंगत्वामुळे मूल त्यांच्यापासून तोडता कामा नये. आपल्या २०१६ च्या कायद्याच्या नवव्या कलमात यातले अपंग मूल तेवढे आले, अपंग आईबाप गळाले. स्त्रियांना अपत्यसंगोपनासाठी साहाय्य देण्याची तरतूद चोविसाव्या कलमात आहे, एवढेच. मसुदा करणाऱ्याची आणि कादंबरीकाराची नजर एकाच ठिकाणी कशी चुकावी, याचे आम्हाला नवल वाटते.

बंगालच्या ज्या अंगाईत आमच्या बर्गी स्वारांची दहशत अजून वस्तीला आहे, ती मराठी माणसाला ऐकताना थोडी शरम वाटतेच. पण ती म्हणावयास दिवा लागत नाही, डोळेही लागत नाहीत. रजनीच्या लहानपणी ती तिच्या कानांवर खचित पडली असेल. तिच्या अंधारात तिला ती अमरप्रसादासाठी एकदा तरी म्हणू द्यावी, एवढेही बंकिमबाबूंच्या मनात आले नाही.