'पाप असतं का?' हा संशोधनप्रश्न का फसतो

समजा तुम्ही मांडवगण फराट्यात मुलाखती घेताय आणि "पाप असतं का?" असं विचारलंत. सगळे 'हो' म्हणाले. त्या 'हो'चं करायचं काय? पाप आहे की नाही हे आपल्या पद्धतींनी सिद्ध होत नाही. लोक कशाला पाप म्हणतात आणि ते ठरवतं कोण, एवढं शोधता येतं.

पुण्याचं पंचहौद मिशनचं चहा प्रकरण घ्या. 1890 साली तिथे टिळक, रानडे वगैरे मंडळी जमली. कुणी चहा प्यायला, कुणी नाही. गोपाळराव जोशींनी नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. मग व्याख्या सोपी: ज्याला प्रायश्चित्त लागतं ते पाप. पण ती टिकत नाही. रानड्यांनी 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतलं, म्हणून चहा हे पाप आहे असं काही त्यांना पटलं नव्हतं. कृतीवरून थेट श्रद्धेवर उडी मारू नका (प्रबंधांत ही उडी सर्रास दिसते!). शिवाय यादी छापली नसती तर तोच चहा नुसता चहा राहिला असता.

मराठीत पाप 'लागतं' आणि 'फेडावं'ही लागतं. एकदा विटाळासारखं, एकदा कर्जासारखं. दोन्ही एका प्रश्नात कोंबू नका. हा उसाचा पट्टा आहे, तेव्हा "वजनात काटा मारणं हे पाप की हुशारी?" असं विचारा. उत्तर देताना कुणाच्या नावाशी आवाज खाली येतो, तेही वहीत टिपा.