‘फ्लॅनन आइल’ : साक्षीचे व्याकरण

स्कॉटलंडमधील लुईस बेटाच्या पश्चिमेस सुमारे ३२ किलोमीटरवर फ्लॅनन हा चिमुकल्या बेटांचा समूह आहे. त्यांतील एलन मोर या बेटावरचे दीपगृह डिसेंबर १८९९ मध्ये प्रज्वलित झाले आणि वर्षभरातच, डिसेंबर १९०० मध्ये, तेथील तिन्ही रक्षक नाहीसे झाले. या घटनेवर विल्फ्रिड विल्सन गिब्सन यांनी ‘फ्लॅनन आइल’ ही कविता १९१२ साली प्रसिद्ध केली. मांडून ठेवलेले पण कोणी न शिवलेले जेवण आणि उलथून पडलेली खुर्ची ही त्या कवितेतील चित्रे पुढे इतिहास म्हणूनच सांगितली जाऊ लागली.

वस्तुस्थिती निराळी आहे. २६ डिसेंबरला ‘हेस्परस’ जहाजातून उतरून दीपगृहापर्यंत प्रथम गेला तो बदली रक्षक जोसेफ मूर, आणि तोही एकटाच. भांडी स्वच्छ होती, त्या अर्थी जेवण उरकल्यावरच ते बाहेर पडले असावेत, असे त्याने पत्रात नोंदविले. डोनाल्ड मॅकआर्थरचा कोट मात्र जागीच होता. पश्चिमेकडील धक्क्याजवळ, समुद्रसपाटीपासून सुमारे ११० फूट उंचीवर ठेवलेली दोरांची पेटी लाटांनी फोडली होती. प्रचंड लाटेने तिघांना ओढून नेले असावे, हाच अधीक्षक म्युरहेड यांच्या अहवालाचा निष्कर्ष.

मग कवीची कल्पना वाचकांना साक्ष का वाटली? याचे उत्तर कवितेच्या व्याकरणात आहे. तिचा निवेदक ‘आम्ही’ आहे. तिघे जण बेटावर उतरतात आणि जे पाहिले तेवढेच सांगतात. जहाज खरे, बेट खरे, क्रियापदे प्रत्यक्षदर्शीची. ‘खुर्ची पडली होती’ आणि ‘खुर्ची पडली होती म्हणे’ यांतील अंतर मराठी भाषकास सांगावे लागत नाही. ‘म्हणे’ येताच वक्ता जबाबदारीतून मोकळा होतो. गिब्सन यांचा निवेदक ही सवलत घेत नाही. एकट्या मूरच्या जागी तिघे आणण्यामागे रचनेची गरजही दिसते : हरवलेल्या तिघांसमोर जिवंत तिघे उभे राहिल्याखेरीज कवितेच्या शेवटास ते वजन आले नसते.

येथवर कवीला दोष देता येत नाही. (१९२९ मध्ये एका अमेरिकन मासिकाने याच रक्षकांच्या नावावर रोजनिशीच्या बनावट नोंदी छापल्या, तो प्रकार काव्याचा नव्हे, फसवणुकीचा.) आक्षेप असलाच तर तो निवडीवर घेता येईल. उलथलेली खुर्ची भीती दाखविते आणि तेथेच थांबते. घासून ठेवलेल्या भांड्यांत नित्याचा दिवस आहे. मागे राहिलेल्या कोटात, बाहेरच्या दोघांकडे तसाच धावलेल्या एका माणसाची घाई असावी. अहवालातील हे गद्य कवितेपेक्षा अधिक भयाण आहे, आणि गिब्सन यांनी नेमके तेच वगळले.