माळवदावरची माती

औसा, उमरग्यापासून कंधार, देगलूरपर्यंत कुठलंही जुनं माळवदाचं घर बघताना आधी त्याखालची जमीन बघावी. काळीत पीक, पांढरीवर गाव, ही जुनी वाटणी. काळी पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर भिंत तग धरत नाही. शेत साफ करताना निघालेला दगड भिंतीत जातो, पांढरी माती छतावर. सागवान तेवढं विकत.

घर मोजायचं खणांत. खांबावर तुळई, तुळईवर कड्या, मग किलचन, पाला आणि वर मातीचा जाड थर. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असले तरी आत दुपारची झोप लागते. छतातल्या सवण्यातून उजेड थेट चुलीपाशी उतरतो, धूर त्याच वाटेनं वर जातो. भिंत दोन हात रुंद, तिच्याच पोटात कोनाडे आणि धान्याचं बळद. इतकं नेटकं घर मला दुसरीकडे क्वचितच दिसलं.

खोट आहे ती डागडुजीच्या रीतीत. गळू नये म्हणून मृगाआधी वर नवी पांढरी टाकायची. जुनी उतरवायचं मात्र कुणाच्या मनात येत नाही. पिढ्यान् पिढ्या ओझं वाढतं. भिंतीतही बाहेरचा दगड वेगळा, आतला वेगळा, मधे चिखल आणि चिपा. दोन्ही बाजूंना सांधणारा आरपार दगड नाहीच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून किल्लारी-सास्तूरची माणसं झोपली असताना ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. भिंती फुगून फुटल्या, माती खाली आली. सरकारी आकड्यानुसारच सुमारे ८,००० माणसं गेली.

तरीही ढिगाऱ्यांत बऱ्याच ठिकाणी खांब-तुळयांचा सांगाडा उभा होता, आणि पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी त्याची नोंद घेतली. त्या सुतारांची वाहवा कुणी केली नाही. बदनाम झालं ते सगळं माळवद. ५२ गावं नव्या जागी गेली; रुंद रस्ते, सिमेंटची घरं. जीव वाचवायला ते हवंच होतं, पण सुताराचं काम भिंतीच्या पापात मोजलं गेलं.

मार्च २०२४ मध्ये ४.५ तीव्रतेच्या धक्क्यानं हिंगोली, नांदेड, परभणी हादरलं. तिकडे माळवदं अजून नांदती आहेत. तुमचं असेल तर यंदा मृगाआधी माती चढवू नका, उतरवा: वीतभर ठेवा, खाली प्लास्टिकचा कागद घाला आणि खांब-तुळईच्या सांध्याला सुताराकडून तिरपे टेकू मारून घ्या.