मुख्याध्यापकाची नियुक्ती आणि मान्यता : नियम 3 ची चिकित्सा

प्रस्तावना :
खाजगी अनुदानित माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक कोण नेमतो, या प्रश्नाचे उत्तर वरकरणी सोपे वाटते. नियुक्तीचा आदेश संस्था देते, मान्यता शिक्षणाधिकारी (माध्यमिक) देतात आणि वेतन शासन देते. कोल्हापूर शहरालगतच्या कळंब्यासारख्या गावातील पालकाच्या दृष्टीने जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक व संस्थेच्या विद्यालयाचा मुख्याध्यापक यांच्यात फारसा भेद नसतो. प्रत्यक्षात पहिल्याची पदोन्नती जिल्हा परिषदेचे प्रशासन करते, तर दुसऱ्याच्या बाबतीत संस्था, शिक्षण विभाग आणि वाद उद्भवल्यास शाळा न्यायाधिकरण असे तीन धनी असतात. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या व्यवस्थेचा विचार केला आहे.

नियमाची भाषा व व्यवहार :
महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, 1977 आणि त्याखालील 1981 ची नियमावली हा या विषयाचा पाया होय. नियम 3 नुसार माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकपदासाठी पदवी, शिक्षणशास्त्रातील पदवी आणि पाच वर्षांचा अध्यापनानुभव आवश्यक असून त्यापैकी किमान दोन वर्षे प्रशिक्षणानंतरची असावी लागतात. ही अर्हता असलेल्या आणि सेवाभिलेख समाधानकारक असलेल्या ज्येष्ठतम शिक्षकास संस्थेने नेमावयाचे असते. ज्येष्ठता अनुसूची 'फ' प्रमाणे ठरते आणि ती एका शाळेपुरती नसून रात्रशाळा वगळता संस्थेच्या सर्व शाळांची मिळून असते. 1919 मध्ये स्थापन झालेली रयत शिक्षण संस्था किंवा 1954 मध्ये बापूजी साळुंखे यांनी स्थापन केलेली श्री स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था यांसारख्या बहुशाखीय संस्थांत ही तरतूद शिक्षकाला मोठे संरक्षण देते. दोन-तीन शाळा चालविणाऱ्या व नातेवाइकांनी भरलेल्या कार्यकारिणीच्या संस्थेत मात्र याच तरतुदीची खरी परीक्षा होते.

नियमकर्त्यांना या परीक्षेची पूर्ण जाणीव असावी. ज्येष्ठ शिक्षकाने पदावरील हक्क सोडावयाचा असल्यास तसे निवेदन त्याने स्वहस्ताक्षरात लिहावे, संस्थेचे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत शिक्षणाधिकाऱ्यांसमक्ष त्यावर स्वाक्षरी करावी आणि अधिकाऱ्यांनी तसा शेरा द्यावा, असे नियम सांगतो. टंकलिखित कागदावर सही घेण्याची सोय त्यात नाही. 'स्वेच्छेने' या शब्दावर नियमकर्त्यांचाच विश्वास नव्हता, हे या तपशिलातून स्पष्ट होते. तथापि ज्याची पुढील सर्व सेवा त्याच संस्थेत व्हावयाची आहे आणि ज्याची बदली दूरच्या शाखेत होऊ शकते, त्याची इच्छा कार्यालयातील पाच मिनिटांत कशी पारखणार, याचे उत्तर नियमात नाही.

'समाधानकारक सेवाभिलेख' ही या नियमातील एकमेव गुणात्मक अट होय. तीही नियम 15 मुळे पातळ होते. गोपनीय अहवाल लिहिला नाही किंवा प्रतिकूल शेरे ऑगस्टअखेर कळविले नाहीत, तर त्या काळातील काम समाधानकारक होते असे मानले जाते. शिक्षकाच्या बचावासाठी हे योग्यच आहे. परंतु अहवाल गांभीर्याने न लिहिणाऱ्या संस्थेत सर्वांचेच अभिलेख समाधानकारक ठरतात आणि निवडीचा सारा भार ज्येष्ठतायादीवर पडतो. मग भांडण यादीचेच होते. पदविका व पदवी यांतील प्रशिक्षित शिक्षकांची सापेक्ष ज्येष्ठता हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, यात नवल नाही.

मान्यतेचे स्वरूप :
वैयक्तिक मान्यता हा शब्द शिक्षकांच्या बोलण्यात नियुक्तीइतकाच वजनदार आहे. कायद्याच्या दृष्टीने तसे नाही. सेंट उलई हायस्कूल प्रकरणी 2007 साली प्रसिद्ध झालेल्या निर्णयात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने, शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता ही नियुक्तीच्या वैधतेची पूर्वअट नसून तिचा संबंध मुख्यतः अनुदानाशी आहे, अशी भूमिका घेतली. म्हणजे नियुक्ती वैध, पण मुख्याध्यापकाची वेतनश्रेणी नाही, अशी स्थिती संभवते. या पोकळीत 'प्रभारी' मुख्याध्यापक आणि 'सह्यांचे अधिकार' ही व्यवस्था उभी राहिली. संस्थेत दोन गट पडले आणि विश्वस्त बदलाचा अहवाल धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात प्रलंबित राहिला, की कोणता गट म्हणजे संस्था, हे व्यवहारात शिक्षणाधिकाऱ्यांच्या एका पत्राने ठरते. वेतन देयकावर सही कोणाची, हाच मग शाळेचा मुख्य प्रश्न होतो. पदभार सोपविणे म्हणजे पदोन्नती नव्हे, असा युक्तिवाद करून ज्येष्ठ शिक्षकाला डावलण्याची वाटही येथूनच निघते.

अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना कलम 3(2) ने मुख्याध्यापक निवडीपुरते या अधिनियमातून वगळले आहे. 1998 च्या एन. अम्माद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्वातंत्र्य अधोरेखित केले. तेथे ज्येष्ठतेचे बंधन नाही. तसेच डावललेल्या शिक्षकाला नियम 3 चा आधारही नाही.

महाविद्यालयीन प्राध्यापकांना परिचित असलेली प्राचार्य निवडीची पद्धत याच्या दुसऱ्या टोकाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार पीएच.डी., पंधरा वर्षांची सेवा, किमान 110 संशोधन गुण, निवड समिती आणि पाच वर्षांची मुदत अशा अटी आहेत. शाळेच्या मुख्याध्यापकाला ना मुलाखत, ना मुदत. प्रवेशपातळीवरील शिक्षकासाठी 2017 पासून अभियोग्यता चाचणी आली. मुख्याध्यापकासाठी मात्र तशी कोणतीही कसोटी आली नाही. ज्येष्ठतेचा निकष काढून मुलाखत आणावी, ही सूचना आकर्षक असली तरी छोट्या संस्थांत ती पदाचा बाजार मांडणारी ठरेल. त्यापेक्षा मान्यतेचा प्रस्ताव ठरावीक मुदतीत निकाली काढणे, नाकारल्यास कारणे लेखी देणे, प्रभारी काळाला मर्यादा घालणे आणि गोपनीय अहवालात शाळा चालविण्याच्या कामाचा स्वतंत्र रकाना ठेवणे, एवढे बदल ज्येष्ठतेला धक्का न लावता करता येण्यासारखे आहेत.